मुक्कामी गाडी

आमच्या घरात रोज संध्याकाळी एकच प्रश्न असायचा. "आज मुक्काम कुठं?"

अप्पा एसटीत ड्रायव्हर होते, नाशिक डेपोला. पुण्याची फेरी असली की रात्री घरी यायचे, पण महिन्यातले कितीतरी दिवस त्यांना मुक्कामी गाडी असायची. कधी हरसूलकडची, कधी पेठ, कधी सुरगाण्याच्या आतलं एखादं गाव. संध्याकाळी नाशिकच्या मध्यवर्ती स्थानकावरून, सीबीएसवरून सुटायचं, अंधार पडल्यावर शेवटच्या गावात देवळापाशी गाडी लावायची, तिथंच सीटवर पाय पसरून झोपायचं आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परत. तेव्हा मोबाइल नव्हते. आईला फक्त गावाचं नाव हवं असायचं. यातलं एकही गाव तिनं पाहिलेलं नव्हतं. पण नाव कळलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. मग रात्री भांडी घासताना ती मध्येच म्हणायची, "तिकडं पाऊस असंल आता."

मी नववीत होते तेव्हा, जानेवारी २००४ मध्ये, दोन रविवारी नासाच्या दोन गाड्या मंगळावर उतरल्या. ४ जानेवारीला स्पिरिट आणि २५ला ऑपॉर्च्युनिटी. एअरबॅगांच्या गठ्ठ्यात गुंडाळलेल्या, चेंडूसारख्या उसळत उसळत. पेपरात बातमी वाचली आणि मी सिडकोत त्रिमूर्ती चौकातल्या सायबर कॅफेत गेले. तासाचे पैसे वाचवायचे म्हणून एकच फोटो उघडला, तो खाली उतरायला चांगली दहा मिनिटं लागली, आणि त्याची काळीपांढरी प्रिंट काढून घरी आणली. एका उथळ खळग्यात गाडी उतरली होती आणि वाळूत तिच्या चाकांचे दोन समांतर पट्टे उमटले होते.

अप्पांनी ती प्रिंट हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "ही चाकोरी कुठल्या रस्त्याची?"

हा शब्द मी तोपर्यंत निबंधातच वाचलेला होता. चाकोरीबद्ध आयुष्य, चाकोरीबाहेरचा विचार. चाकोरी म्हणजे मुळात चाकानं पाडलेली रेघ, हे मला त्या दिवशी उमगलं. पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावर आदल्या दिवशीच्या गाडीची चाकोरी धरून चालवायची, तिथली माती दाबून घट्ट झालेली असते, असं अप्पा सांगायचे. आणि इथं अशी जागा होती जिथं आदल्या दिवशीची गाडी कधी गेलेलीच नव्हती.

"मंगळावरची आहे," मी म्हणाले.

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "ड्रायव्हर कुठं बसतो?"

त्या एका प्रश्नापासून आमचं सुरू झालं. ड्रायव्हर पृथ्वीवर, कॅलिफोर्नियात बसतो. स्टिअरिंग नाही, कारण संदेश तिथं पोहोचायला अंतराप्रमाणे ३ ते २२ मिनिटं लागतात. दगड दिसला म्हणून ब्रेक मारायला जावं, तर ब्रेक लागेपर्यंत गाडी दगडावर चढून गेलेली असेल. म्हणून आदल्या दिवशीचे फोटो बघून दुसऱ्या दिवसाचा सगळा रस्ता आधीच लिहून पाठवायचा. इतकं पुढं जा, इतकं वळ, थांब, बघ, फोटो काढ. अप्पांना हे लगेच पटलं. घाटात तसंच असतं, म्हणाले. सप्तशृंगीच्या गडावर चढताना वळण येण्याआधीच वळण डोक्यात घेऊन ठेवावं लागतं. पुढं कधीतरी मी त्यांना सांगितलं की या गाड्या चालवणाऱ्यांत वंदी वर्मा ही भारतात जन्मलेली बाई आहे, २००८पासून ती मंगळावर ड्रायव्हिंग करते. त्यावर ते पटकन म्हणाले, "मग आपल्या एसटीत का नाहीत बायका?" तेव्हा एसटीच्या स्टिअरिंगवर बाई बसलेली आम्ही कुणी पाहिलेली नव्हती.

वेगाचं मात्र त्यांना कोडं होतं. ऑपॉर्च्युनिटी जास्तीत जास्त सेकंदाला ५ सेंटिमीटर जायची. एका दिवसातला तिचा सर्वांत लांब पल्ला २२० मीटर, तोही एकदाच, मार्च २००५ मध्ये. २२० मीटर म्हणजे सीबीएसवरून निघालं तर जवळचा शालिमार चौकही येत नाही. पण त्यांनी त्या वेगाला नावं ठेवली नाहीत. रस्ता नसलेल्या ठिकाणी कसं चालवतात ते त्यांना माहीत होतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ती वाळूच्या एका वरंब्यात रुतली. चाकं फिरतायत, गाडी जागची हलत नाही. कॅलिफोर्नियातल्या लोकांनी प्रयोगशाळेत तशीच वाळू कालवून, त्यात जुळी गाडी रुतवून, ती कशी निघेल ते आधी करून पाहिलं. मग पाच आठवडे रोज थोडी थोडी चाकं फिरवली. वाळूत न घसरता तेवढी चाकं फिरली असती तर गाडी १९२ मीटर गेली असती. प्रत्यक्षात ती सरकली चार-पाच हात. ४ जूनला सुटली. त्या पाच आठवड्यांत मी दर दोन दिवसांनी सायबर कॅफेत जाऊन यायचे आणि दारातूनच मान हलवायचे, नाही म्हणून. आई पोळ्या लाटता लाटता विचारायची, "निघाली का गं?" आमच्या घरात कुणाची तरी गाडी रुतली असल्यासारखंच होतं ते. सुटल्याचं सांगितलं तेव्हा अप्पा म्हणाले, "घाई नाही केली त्यांनी. गाडी घाईत आणखी खाली जाते."

या गाड्यांना मागं बघत चालावं लागलं हे बहुतेकांना ठाऊक नसतं. स्पिरिटचं पुढचं उजवं चाक २००६ मध्ये कायमचं बंद पडलं. मग तिला उलटी वळवून, ते मेलेलं चाक फरफटत, रिव्हर्समध्ये चालवायचे. ऑपॉर्च्युनिटीसुद्धा चाकावरचा ताण वाचवायला पुष्कळ वाट उलटीच चालली. अप्पांनी हे ऐकलं आणि जेवता जेवता हात थांबवला. "रिव्हर्समध्ये? सगळा रस्ता?"

आणि त्या फरफटण्यातूनच मिळालं ते कुणाच्या स्वप्नात नव्हतं. बंद चाक नांगराच्या फाळासारखं जमिनीत तास पाडत जात होतं. २००७ मध्ये त्या तासात लाल मातीखालून पांढरीशुभ्र माती वर आली. तपासली तर जवळजवळ ९० टक्के शुद्ध सिलिका. अशी सिलिका साठायला गरम पाण्याचे झरे लागतात, नाहीतर जमिनीतून वर येणारी वाफ. म्हणजे तिथं कधीकाळी पाणी होतं आणि ऊबही होती. चाक धड असतं तर गाडी त्या मातीवरून तशीच निघून गेली असती.

पाण्याचीच गोष्ट आहे ही सगळी. ऑपॉर्च्युनिटीनं उतरल्या उतरल्या, त्या पहिल्याच खळग्यात, मिरीएवढे गोल दाणे शोधले. सगळीकडे विखुरलेले, दगडात रुतलेले. ते हेमटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या एका खनिजाचे होते, आणि दगडात मुरलेल्या पाण्यातून घडत गेले होते. पुढं सात वर्षांनी, २०११ मध्ये, एंडेव्हर नावाच्या २२ किलोमीटर रुंद विवराच्या काठावर तिला जमिनीत एक पांढरी शीर दिसली. अंगठ्याएवढी रुंद, हातभर लांब. जिप्सम. खडकाला भेग पडली, भेगेतून पाणी वाहिलं, पाणी गेलं आणि पाण्यातलं जे होतं ते भेगेत बसून राहिलं.

तो फोटो मी आईला दाखवला. तोवर घरात इंटरनेट आलं होतं. मी पदवी घेऊन अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागले होते. आईनं स्क्रीनकडे पाहिलं, काही न बोलता उठली आणि शोकेसमधली गारगोटी घेऊन आली.

या गारगोटीबद्दल सांगायला हवं. आईचं माहेर सिन्नर तालुक्यातलं, पाण्यानं कायम तरसलेलं. तिच्या लहानपणी आजोबांनी विहीर खणायला घेतली. वरची माती, मग मुरूम, मग काळा कातळ. सुरुंग लावून लावून खाली गेले. पाणी लागलं नाही. लागल्या त्या गारगोट्या. कातळात पोकळ्या होत्या आणि प्रत्येक पोकळी आतून लखलखत होती. त्यातली एक आजोबांनी तिला दिली. तळहातात मावेल एवढी आहे. बाहेरून काळी, खडबडीत, कुणी रस्त्यात पाहिली तर लाथेनं उडवेल अशी. आतून मात्र फिकट गुलाबी पाती एकमेकींना चिकटून उभी, पंखा उघडावा तशी, आणि त्यांच्या मधे काचेसारखे स्वच्छ चौकोनी खडे. एका कडेला पांढऱ्या सुयांचा झुबका आहे. त्याला बोट लावायचं नाही अशी लहानपणापासून ताकीद, कारण सुया मोडतात आणि बोटातही जातात. आईनं ती लग्नात साडीत गुंडाळून आणली.

आमच्याकडचा सगळा काळा दगड म्हणजे गोठलेला लाव्हा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेला. ब्रह्मगिरी, अंजनेरी, रामशेज, पांडवलेणीचा डोंगर, सगळे त्याचेच. लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे तसेच गोठले, त्या पोकळ्यांतून पुढं लाखो वर्षं पाणी झिरपत राहिलं आणि आत स्फटिक वाढत गेले. झिओलाइट म्हणतात त्यांना. नाशिक-सिन्नरचे स्फटिक जगभरातल्या संग्रहालयांत आहेत, सिन्नरला तर त्यांचं खास संग्रहालयच आहे. आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभागही याच जातीच्या दगडाचा, बसाल्टचा. लोणारचं विवर बसाल्टमध्ये पडलेलं आहे म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे लोक तिथं येतात. हे सगळं मला माहीत होतं. वाचलेलं होतं. पण गारगोटी आणि तो फोटो शेजारी शेजारी ठेवायचं मला सुचलं नव्हतं. आईला सुचलं.

तिनं गुलाबी पात्यांवरून बोट न टेकवता फिरवलं आणि म्हणाली, "पाणी होतं तिथं. आम्ही उशिरा खणलं."

मंगळाबद्दल मी आजवर जे काही वाचलं आहे त्यात मला याहून नेमकं वाक्य सापडलेलं नाही. तीनशे-साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी तिथं नद्या होत्या, तळी होती. क्युरिऑसिटीनं २०१३ मध्ये ज्या चिखलखडकात भोक पाडलं, तो अशा तळ्याच्या गाळाचा निघाला ज्याचं पाणी ना फार खारं ना आंबट, माणसाला पिता आलं असतं असं. आपण उशिरा पोहोचलो.

क्युरिऑसिटी उतरली तो दिवस माझ्या पक्का लक्षात आहे. ६ ऑगस्ट २०१२, तिसरा श्रावणी सोमवार. नाशिककरांना याचा अर्थ सांगायला नको. ब्रह्मगिरीची फेरी. आदल्या रात्रीपासून त्र्यंबकच्या रस्त्यावर माणूसच माणूस, एसटीच्या जादा गाड्या, आणि अप्पा त्यातल्या एका गाडीवर. मी रजा घेऊन घरी कॉम्प्युटरसमोर. सकाळी अकराच्या सुमाराला ती नऊशे किलोची गाडी दोरांना लटकत खाली उतरली आणि चाकांवर टेकली. पलीकडे लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते, इकडे मी एकटीच टाळ्या वाजवत होते. अप्पांना फोन लावला. गर्दीच्या आवाजातून त्यांचा आवाज आला, "उतरली का? बरं झालं. इकडं चिखल आहे." आणि फोन ठेवला.

या गाडीच्या चाकांनी अप्पांची झोप उडवली. अॅल्युमिनियमच्या एका ठोकळ्यातून कोरून काढलेली चाकं, पण दातऱ्यांमधला पत्रा फक्त ०.७५ मिलिमीटर जाडीचा. टोकदार, जमिनीत घट्ट बसलेल्या दगडांनी त्याला वर्षभरात भोकं पाडली. कारखान्यातून मी तेवढ्या जाडीच्या पत्र्याचा तुकडा मागून आणला. अप्पांनी तो दोन बोटांत धरून वाकवला, सरळ केला, कडेवरून नख फिरवलं. आयुष्यभर टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, टायर ठोकून, आवाजावरून हवा ओळखणारा माणूस. "एवढ्यावर नऊशे किलो?" एवढंच म्हणाले. पुढच्या गाडीची, पर्सिव्हरन्सची चाकं जाड पत्र्याची आणि चोवीसच्या जागी अठ्ठेचाळीस दातऱ्यांची केली हे कळल्यावर त्यांना खरं समाधान वाटलं. चूक झाली, त्यांनी ती बघितली, सुधारली. क्युरिऑसिटी तर भोकं पडलेल्या चाकांवर अजून डोंगर चढते आहे.

जुलै २०१४ अखेरीला अप्पा निवृत्त झाले. योग असा की त्याच आठवड्यात ऑपॉर्च्युनिटीनं ४०.२५ किलोमीटर पूर्ण करून पृथ्वीबाहेर सर्वांत जास्त चाललेली गाडी हा मान मिळवला. आधीचा मान १९७३ पासून चंद्रावरच्या रशियन लुनोखोद-२ कडे होता. घरी बसल्यावर अप्पांचे हात मोकळे झाले आणि त्यांनी शंभर पानी वही आणली. उभ्या रेघा मारून रकाने पाडले. तारीख, सोल म्हणजे मंगळाचा दिवस, आजचे कि.मी., एकूण कि.मी., मुक्काम, शेरा. अगदी लॉगशीट. मी रात्री जेवण झाल्यावर आकडे सांगायचे, ते लिहायचे. गाड्यांनी पाठवलेले फोटो आले तसे, कच्चेच, सगळ्या जगाला बघायला मिळतात. ओळखीचे आम्ही चार-पाचजण नाशिकमध्ये असे आहोत जे ते तुकडे जोडून अख्खा देखावा बनवतो, रंग जुळवतो. माझ्यासाठी ते काम आहे निगुतीचं, गोधडीसारखं. पण आमच्यातल्या कुणाकडे अप्पांसारखी वही नाही. पहिल्या पानावर शेरा आहे : "उजवे पुढचे चाक जपावे."

मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा ३९ मिनिटं ३५ सेकंदांनी मोठा. सुरुवातीला कॅलिफोर्नियातली माणसं त्याच घड्याळावर जगत होती. आज आठला कामावर, उद्या आठ चाळीसला, पंधरा दिवसांनी संध्याकाळी. तिथल्या एका घड्याळजीनं तर त्यांच्यासाठी मुद्दाम मागं पडणारी घड्याळं करून दिली. अप्पांनी हे ऐकून आईकडे पाहिलं. अशी ड्युटी लागली की घरच्यांचं काय होतं ते त्या दोघांना वेगळं सांगायला नको होतं.

मार्च २०१५ मध्ये ४२.१९५ किलोमीटर झाले, मॅरेथॉन. अकरा वर्षं दोन महिने लागले. वहीत त्या ओळीखाली लाल रेघ आहे.

आणि मग जून २०१८. मंगळावर धुळीचं वादळ उठलं आणि वाढत वाढत सगळ्या ग्रहाला वेढून बसलं. ऑपॉर्च्युनिटी सौर ऊर्जेवर चालणारी. १० जूनला तिच्याकडून शेवटचा संदेश आला. नंतर लोकांनी एक वाक्य फिरवलं, माझी बॅटरी संपत आलीय आणि अंधार पडतोय, असं ती म्हणाली म्हणून. डोळ्यांत पाणी आणणारं वाक्य आहे, पण ते तिचं नव्हे. एका पत्रकारानं तिच्या आकड्यांचा केलेला तो अनुवाद होता. तिनं पाठवले होते आकडे. आकाशाची अपारदर्शकता १०.८, दिवसभरात मिळालेली वीज २२ वॅट-तास. मी अप्पांना दोन्ही सांगितलं. त्यांनी वाक्य लिहिलं नाही, आकडे लिहिले. "डॅशबोर्डवरचे काटे कळतात मला," म्हणाले.

इकडे पाऊस लागला होता. त्र्यंबकहून निवृत्तिनाथांची पालखी निघाली, सिन्नरच्या रस्त्याला लागली, आई रोज विचारायची आज पालखीचा मुक्काम कुठं. अप्पा तेच त्या दुसरीबद्दल विचारायचे आणि मी रोज तेच सांगायचे. तिथंच. पर्सिव्हरन्स व्हॅली नावाच्या दरीत. २७ जुलैला गुरुपौर्णिमा होती, रात्री खग्रास चंद्रग्रहण, आणि त्याच दिवशी मंगळ आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, पंधरा वर्षांत नव्हता इतका जवळ येत चाललेला. आम्ही गच्चीवर गेलो. ढग. चंद्र नाही, मंगळ नाही, काही नाही. अप्पा छत्री घेऊन तरीही बराच वेळ पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले.

"ब्रेकडाउन व्हॅन जाऊ शकत नाही का?" त्यांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं.

आई कठड्याला टेकून उभी होती. तिनं इतक्या वर्षांत न विचारलेला प्रश्न विचारला. "ती परत कधी येणार होती?"

"येणार नव्हतीच, आई. परत यायचं नव्हतंच तिला."

आई काही बोलली नाही. मग खाली जाता जाता म्हणाली, "मग मुक्काम कळला तेवढं बरं."

आठ महिने तिला हाका मारल्या गेल्या. हजाराच्या वर संदेश. १३ फेब्रुवारी २०१९ला मोहीम संपल्याचं जाहीर झालं. नव्वद दिवसांसाठी पाठवलेली गाडी पंधराव्या वर्षापर्यंत चालली, एकूण ४५.१६ किलोमीटर. नाशिकहून निघून त्र्यंबकला जावं आणि परतीच्या अर्ध्या वाटेवर थांबावं, एवढं. अप्पांनी शेवटची ओळ लिहिली. तारीख, आजचे कि.मी. शून्य, एकूण ४५.१६, मुक्काम पर्सिव्हरन्स व्हॅली. शेऱ्याचा रकाना त्यांनी मोकळा सोडला.

पुढच्या वर्षी नव्या गाडीचं नाव जाहीर झालं, पर्सिव्हरन्स. ते एका शाळकरी मुलानं निबंधातून सुचवलं होतं, दरीशी त्याचा काही संबंध नव्हता. अप्पांना ते सांगून उपयोग झाला नाही. ती उतरली १९ फेब्रुवारी २०२१ला, आपल्याकडे पहाटे अडीचच्या आसपास. मी सिडकोत त्यांच्याकडेच झोपायला गेले होते. उठवायला गेले तर ते आधीच अंघोळ करून बसलेले, पहिल्या फेरीला निघायचं असल्यासारखे. गाडी सुखरूप टेकल्याचं मोहिमेतल्या भारतीय वंशाच्या अभियंता स्वाती मोहन यांनी सांगितलं. त्यांच्या कपाळावरची टिकली बघून आईनं समाधानानं मान हलवली.

आता दोन गाड्या चालू आहेत, दोघींनीही पस्तीस किलोमीटर मागं टाकलेत. वही चौथी आहे. काल संध्याकाळी गेले तेव्हा ती टीपॉयवर उघडी होती आणि पंख्यानं पान उलटू नये म्हणून तिच्यावर आईची गारगोटी ठेवलेली. सुयांची बाजू भिंतीकडे. मी आकडे सांगितले, अप्पांनी लिहिले. मग त्यांनी माझा मोबाइल ओढून घेतला, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि चाकापुढच्या एका दगडावर नेऊन थांबवला.

"उद्या याच्या डावीकडून घ्या म्हणावं."